नर वेल

थोरल्या जावेनं ती वेल तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. जंगलात तिच्या जातीचं नाव राहिलं नव्हतं. उरली होती ती उद्यानाच्या काचघरात, थोरलीच्या हाताखाली. दरवर्षी फुलांनी लगडायची, पण फळ कधी धरलं नाही. वेल नर, फळ धरणार कुठून?

मग दूरच्या उद्यानातून त्याच जातीची एक फांदी आली. ती शेजारच्या काचघरात धाकटीकडे गेली. धाकटीला कामाला लावलं होतं थोरलीनंच. फांदी जगली, कळ्यांवर आली आणि मादी निघाली. झालं, सगळं उद्यान धाकटीकडे लोटलं. घरी जेवताना दोघे भाऊसुद्धा तिच्याच वेलीचं कौतुक करायचे. थोरलीला घास गोड लागेना.

मादीचं फूल एका सकाळपुरतं उमलायचं. ते उमललं त्या दिवशी धाकटीनं फोन करून पराग मागितले. थोरली भरल्या वेलीखालीच उभी होती. तिनं सांगितलं, आज एकही फूल उमललेलं नाही. दुपारी धाकटीचं फूल गळून पडलं. जीव थंडावेल असं थोरलीला वाटलं होतं; तसं काही झालं नाही.

संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसल्या.

"एकच कळी राहिलीय, ताई," धाकटी म्हणाली. "वेलीची पानंही पिवळी पडायला लागलीत."

"मग मी काय करू?"

"तुमच्याकडे फुलं होती. मला काचेतून दिसत होती."

थोरलीच्या हातातली जुडी तशीच राहिली. "उद्यानाच्या मोठ्या बाईंना सांगितलं नाहीस?"

"सांगून फळ धरलं असतं?"

शेवटची कळी उमलली तेव्हा थोरली ब्रशवर पराग घेऊन स्वतःच गेली. धाकटीनं हात पुढे केला, पण तिनं ब्रश काही सोडला नाही. फुलाला पराग तिनंच लावले.

फळ धरलं. फोटोत पुढे धाकटी होती आणि थोरली कुठेतरी मागे. तिचा पुन्हा जळफळाट झाला. बिया निघाल्या तेव्हा मोठ्या बाईंनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "निम्म्या माझ्या."

पुढे दोघींची रोपं जंगलात एकत्रच लावली. कुठलं कुणाचं हे आता कुणालाच ओळखता येत नाही. थोरली मात्र छातीठोकपणे सांगते, उंच गेलेली सगळी तिची.