भट्टीचा दिवा लावणारी

मी एक मेथड बोलतेय. नाक मुरडू नका, आधी ऐका. मेथड म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेलं काम आणि त्या कामाला दिलेलं नाव. माझं नाव ‘दिवा लाव’. बस, तेवढंच मला येतं. पण जे येतं ते चोख येतं.

माझा जन्म एका बेकरीच्या मागच्या खोलीत झाला, पिठाच्या पोत्यांशेजारच्या जुन्या संगणकावर. मला लिहिलं धाकटीनं, तिच्या ताईसाठी. ताईचा उभा जन्म भट्टीपुढं गेला होता. पाव झाला की त्याचं कवच बारीक तडतडतं. ते ऐकून ती पाव बाहेर काढायची. मग तिला ऐकू येईनासं झालं. भट्टीची घंटा बोंबलून दमायची आणि ताई पाठमोरी पीठ मळत राहायची. एक अख्खा घाणा जळाला.

ताईचा मुलगा तिच्या तोंडासमोर येऊन म्हणाला, “आई, पुरे आता. घरी बस.”

“घरी बसून काय भिंती मळू?”

“आणखी एक घाणा जळाला की मी तुझं काही ऐकणार नाही.”

“माझंही तसंच आहे बाबा. मलाही काही ऐकू येत नाही,” ताई म्हणाली. हसली, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही, असं धाकटी सांगायची.

धाकटीनं दोन्ही भट्ट्यांवर लाल दिवे बसवले. संगणकात घड्याळ नावाचं एक फंक्शन होतं, म्हणजे माझ्यासारखंच शिकवून ठेवलेलं काम. वेळ मोजण्यात पटाईत, बाकी अगदी ठोंब्या. त्याला वेळ सांगायची आणि सोबत एखादं काम हाती द्यायचं. वेळ भरली की ते त्या कामाला हाक मारतं. ते काम म्हणजे मी. मला नुसतं द्यायचं, करायला लावायचं नाही. इथंच भल्याभल्यांचं घोडं अडतं.

धाकटीचंही अडलं. माझ्या नावापुढं तिनं कंस टाकले. कंस म्हणजे हुकूम, आत्ताच्या आत्ता कर! मी कशाला थांबते? पाव आत गेले आणि दिवा लागला. ताईनं दार उघडून एक गोळा दाबून पाहिला.

“काय गं, हा पाव आहे की उशी?”

धाकटीनं कंस काढले. पण पुढची चूक मोठी होती. मी दोन्ही भट्ट्यांची, थोरलीची आणि छोटीचीही. धाकटीनं मला थोरलीकडून उचललं आणि नुसतंच घड्याळाच्या हाती दिलं. थोरली भट्टी मागंच राहिली. वेळ भरली, हाक आली आणि मी तिथं खुळ्यासारखी उभी. दिवा लावायचा, पण कुणाचा? एकही लागला नाही. संगणकावर चुकीची लाल अक्षरं उमटली, पण ती बघायला तिथं होतं कोण? धूर नाकात गेला तेव्हा ताई धावली.

मुलगा आला. जळके पाव त्यानं एकेक करून बादलीत टाकले. ताईनं कमरेचं फडकं सोडलं.

“थांब,” धाकटी त्याला म्हणाली. “चूक माझी आहे, तिची नाही. उद्याचा घाणा बघ, मग काय ते बोल.”

“मावशी, आणि उद्याही जळाला तर?”

“तर मीच तिला हाताला धरून घरी नेईन.”

त्या दिवशी तिनं मला थोरल्या भट्टीशी बांधलं आणि मग घड्याळाकडं दिलं. आता कुणीही हाक मारो, मी कुणाची ते माझ्याबरोबरच होतं. सकाळी वेळ भरली, हाक आली, दिवा लागला. ताईनं दार उघडलं. पाव असे खरपूस! मुलानं एक मोडून तोंडात टाकला, तोंड भाजलं, तरी बोलला, “बस इथंच. मरेस्तोवर बस.”

काय दिवस होते ते! धाकटीच्या पिठाळ बोटांनी संगणकाची बटणं पांढरी व्हायची. दोघी बहिणी हातवारे करून भांडायच्या आणि भांडण ऐन रंगात आलं की मी दिवा लावायची. दोघी सगळं टाकून भट्टीकडं.

पुढं ताईचे गुडघे गेले. बेकरी दुसऱ्यांनी घेतली, भट्ट्या मोडीत गेल्या.

धाकटी म्हणाली, “घरी दाराचा दिवा बसवते. कुणी आलं की लागेल. भट्टीचं ते आता काढून टाकते.”

“दाराचा बसव. भट्टीचा काढू नकोस.”

“ताई, भट्टीच नाही आता.”

“मी बहिरी आहे, वेडी नाही.”

म्हणून घरी आणलेल्या संगणकात थोरली भट्टी नावापुरती अजून आहे आणि तिचा दिवा ताईच्या खिडकीत आहे. पहाटे पहिला घाणा निघायच्या वेळी घड्याळ हाक मारतं, मी दिवा लावते. ताई उठते, हात पुसते, थोडा वेळ तशीच उभी राहते. मग दिवसाला लागते.

धाकटे, तुला नवं काय लिहायचं ते लिही, मी आडवी येणार नाही. पण ती उठतेय तोवर मला घड्याळाच्या हाती देत जा.