दीपमालाचं तळं, मंजुषाचं तळं

हर्सूलला दोघा भावांचे बंगले शेजारी शेजारी होते. मधल्या भिंतीला एक फाटक होतं. सासूबाई सरूबाई थोरल्या सुनेकडं, मंजुषाकडं राहायच्या. पण दुपारचा चहा झाला की फाटकातून धाकट्या दीपमालाच्या बागेत जाऊन ‘कोई’ जातीच्या शोभेच्या माशांच्या तळ्याकाठी बसायच्या. तिथलं पाणी निवळशंख. लाल-पांढरे मासे दीपमालाच्या हातून दाणे खायचे.

“लई गुणाची लेकरं गं तुझी,” सरूबाई म्हणायच्या, आणि इकडं ओट्यापाशी मंजुषाचा जळफळाट व्हायचा. जेवण मी करायचं, गोळ्या मी द्यायच्या, अन् कौतुक तिचं!

तिनं नवऱ्यामागं, राजकुमारमागं, लकडा लावला आणि स्वतःच्या बागेत तळं खोदून घेतलं. दीपमालाच्या तळ्यापेक्षा मोठं. फिल्टर कोणता घ्यावा, हे मात्र दीपमालालाच विचारावं लागलं.

“ताई, कप्प्याकप्प्यांचा मोठा घ्या,” दीपमाला म्हणाली. “आत जाळीच्या चटया भरपूर पाहिजेत. माशांची घाण पचवणारे जंतू त्या चटयांवरच वाढतात, अन् त्यांना वेळ लागतो. म्हणून आधी दोनच मासे सोडा, बाकीचे हळूहळू.”

मंजुषानं मान डोलावली, पण मनात म्हणाली, मला बरं थांबवतीय! माझं तळं रिकामं राहावं अन् बागेत तो बेढब खोका दिसावा, हेच पाहिजे हिला.

तिनं दुकानातून काळा, चकचकीत, बंद पिंपासारखा फिल्टर आणला. लहानसा, झुडपामागं लपणारा, आत अतिनील दिवा असलेला. “किती मासे ठेवणार?” दुकानदारानं विचारलं होतं. “थोडेच,” ती म्हणाली होती. त्याच आठवड्यात तिनं दीपमालाच्या दुप्पट मासे सोडले.

पाणी काचेसारखं झालं. मंजुषा हरखली. आता सासूबाई इकडं बसतील!

पण काही दिवसांतच मासे वर येऊन तोंडं वासू लागले. एक आडवा तरंगला, मग दुसरा.

“पाणी तर स्वच्छ दिसतंय,” राजकुमार गोंधळून म्हणाला.

कुणाला हाक मारायची, हे मंजुषाला ठाऊक होतं. तेच तिच्या जिवावर आलं होतं. तिसरा मासा कलंडला, तशी ती भिंतीपाशी गेली. “दीपमाला, जरा ये गं.”

दीपमालानं काचेच्या नळीत तळ्यातलं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. “अमोनिया, माशांच्या घाणीचं विष. दिव्यानं शेवाळ मरतं, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. माशांची घाण तशीच राहते, ताई.” ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. मंजुषाला त्याचाही राग आला.

दोघींनी मिळून निम्मं पाणी बदललं. मग दीपमाला घरी गेली आणि टबात भिजलेल्या, तपकिरी, बुळबुळीत चटया घेऊन आली. त्या एका जुन्या टाकीत रचून तिनं पंप जोडून दिला. तिसरा मासाही वाचला नाही. पण बाकीचे सावरले.

पुढच्या आठवड्यात मंजुषा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. सहज खाली पाहिलं, तर दीपमालाचं तळं गढूळ! तळ दिसत नव्हता, मासेही धड दिसत नव्हते. मंजुषाला आधी गुदगुल्या झाल्या. जिरली! मग तिला त्या तपकिरी चटया आठवल्या, आणि हातातला टॉवेल तसाच राहिला.

दुपारी सरूबाई फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. “तिकडचे मासे दिसतच नाईत बया. इथंच बसते.” मंजुषानं लगबगीनं खुर्ची आणली. किती दिवस तिला हेच हवं होतं.

“दीपाचं पाणी असं कशानं झालं गं? ध्यान देत नाय का ती?”

मंजुषानं व्हय म्हटलं असतं तरी खपलं असतं.

“तसं नाय, आत्या,” ती अखेर म्हणाली. “माझे मासे मरायला लागले होते. तिनं तिच्या फिल्टरातल्या निम्म्या चटया मला दिल्या. म्हणून तिचं पाणी बिघडलं.”

“आगं बाई!” सरूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “मग तिच्यापाशी जाते. खट्टू झाली असंल पोरगी.”

त्या फाटकातून पलीकडं गेल्या. रिकाम्या खुर्चीकडं बघताना मंजुषाच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. खरं बोलले नसते तर बसल्या असत्या, असंही वाटून गेलं.

थोड्या वेळानं तिनं पदर खोचला आणि पाणी बदलायचा पाइप खांद्यावर घेऊन ती दीपमालाकडं निघाली.