पाऊणवर रेषा ओलांडली

अप्पा टिपणिसांना धक्का बसला तो गुरुवारी दुपारी साडेतीनला, आणि बसल्याबरोबर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पेन्सिलीला टोक काढलं. टोक बोथट असलं की बिंदू भलत्या जागी पडतो, असं ते तीस वर्षं मुलांना सांगत आले होते. टोक काढून त्यांनी तोच बिंदू पुन्हा घातला. तो पुन्हा तिथंच पडला, जिथं पडणं अप्पांच्या दृष्टीनं शक्य नव्हतं.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

"नाकावर," राधाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"हा नव्हे. चांगला."

"एकच आहे."

अप्पांनी तोच काढून धोतराला पुसला. समोर आलेखाचा कागद होता, आणि त्या कागदावर त्यांची तीस वर्षं उताणी पडली होती.

दादरला दोन खोल्यांत अप्पांचा इंटर सायन्सच्या गणिताचा क्लास होता. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत फळा, आणि फळ्याच्या वर भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलेलं एक वाक्य: 'वक्ररेषा जवळ येईल, पण शिवणार नाही.' क्लासची सगळी कीर्ती या वाक्यावर उभी होती. वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी, असा अपूर्णांक घेऊन त्याचा आलेख काढायला बसलं की काही सरळ रेषा अशा सापडतात की वक्ररेषा दूर दूर जाताना त्यांच्या जवळ जवळ सरकत राहते. इंग्रजीत त्यांना असिम्प्टोट म्हणतात. अप्पांची पद्धत अशी की आधी पट्टीनं या रेषा तुटक काढायच्या. त्यानं कागदावर खोल्या पडतात. मग वक्ररेषेला आपापल्या खोलीत भाडेकरूसारखी बसवायची. भाडेकरू भिंत फोडून शेजारी जात नाही. एकेक किंमत घालून बिंदू पाडत बसायची गरजच नाही. "बिंदू पाडतो तो कारकून," अप्पा म्हणत. त्यांचे निम्मे विद्यार्थी पुढे कारकूनच झाले, पण ते बिंदूंमुळे नव्हे.

हे वाक्य अप्पांनी क्लासपुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण छप्पन साली समोरच्या बिऱ्हाडातले बाबुराव सत्याग्रहात जाऊन पंधरा दिवस तुरुंगात बसून आले, तेव्हा गॅलरीत त्यांना गाठून अप्पा म्हणाले होते, "बाबुराव, मुंबई ही असिम्प्टोट आहे. संयुक्त महाराष्ट्र तिच्या जवळ जवळ जाईल. मिळणार नाही." बाबुरावांनी तीन महिने अबोला धरला. नळ सामाईक असल्यामुळे तो पुढे नेणं जड गेलं.

आता एकोणसाठचा डिसेंबर चालू होता. शनिवारच्या चाचणीत अप्पांनी स्वतः जुळवलेलं एक उदाहरण घातलं होतं. वर एक्सचा वर्ग उणे चार एक्स अधिक तीन, खाली नुसता एक्सचा वर्ग. तुटक रेषा एकच्या उंचीवर आडवी आणि दुसरी उभी, शून्यावर. एकतीसपैकी तीस मुलांनी वक्ररेषा वरून आणून तुटक रेषेच्या डोक्यावर अलगद निजवली होती. एकतिसावी सुमेधा गमरे. तिची वक्ररेषा जिना उतरावा तशी खाली आली, तुटक रेषा सरळ ओलांडून गेली, आडव्या अक्षाच्याही खाली बुडी मारून फिरली आणि मग खालच्या बाजूनं पुन्हा त्या रेषेकडे निघाली. अप्पांनी दहापैकी शून्य दिलं होतं. शून्य देताना आपण जात बघत नाही की मुलगा-मुलगी बघत नाही, याचा त्यांना अभिमान होता.

सुमेधा नायगावच्या बीडीडी चाळीतली. तिचे वडील सीताराम परळच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणत. मुलीचं नाव घालायला आले तेव्हा दारातच उभं राहून त्यांनी भिंतीवरचं वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. शेवटच्या दोन शब्दांपाशी जरा जास्तच थांबले.

"हे सगळ्यांना लागू हाय का, सर?" त्यांनी विचारलं होतं.

"सगळ्यांना," अप्पा ऐटीत म्हणाले होते.

त्या गुरुवारी सकाळी क्लास सुटताना सुमेधा पेपर घेऊन टेबलापाशी आली.

"सर, शून्य का?"

अप्पांनी मान न वळवता भिंतीकडे बोट केलं.

"ते वाचलंय. पण सर, एक्सच्या जागी अर्धा घातला की पाच येतात."

"येऊ देत."

"आणि एक घातला की शून्य येतं. मधे कुठं तुटत पण नाही. खालचं शून्य होतं ते फक्त शून्यावर."

"बरं, मग?"

"रेषा एकवर आहे, सर. पाचव्या मजल्यावरून तळमजल्याला यायचं तर पहिला मजला लागणारच ना? आमच्या चाळीला तीनच मजले आहेत, पण तिथंपण लागतो."

मुलं हसली. अप्पा हसले नाहीत.

"चाळ वेगळी, गणित वेगळं. शिवाय तू अक्षांना नावं दिलेली नाहीस."

"त्याचं शून्य आहे का, सर?"

"छे. चूक मोठी असली की लहान चुका मी मोजत नाही."

आणि या पोरीला कायमचं गप्प करावं म्हणून अप्पा दुपारी आयुष्यात पहिल्यांदा कारकुनासारखे बिंदू पाडायला बसले. अर्ध्यावर पाच आले. एकवर शून्य आलं. पाच रेषेच्या वर, शून्य रेषेच्या खाली. टोक काढून झालं, चष्मा पुसून झाला. शून्य तिथून हलेना.

"चेहरा असा का झालाय?" राधाबाईंनी विचारलं. "कुणी गेलं का?"

"पलीकडे गेली."

"कोण?"

"वक्ररेषा."

राधाबाई मराठी फायनल पास होत्या. लग्नाआधी त्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलींकडून घोकून घेत. सूप बाजूला ठेवून त्या कागदावर वाकल्या. "ओलांडली कुठं पण? अर्ध्यावर वर, एकवर खाली. मधे पाऊण घालून बघा."

"पाऊणचा वर्ग..." अप्पा म्हणाले.

"वर्ग कशाला हवाय? चार पाऊण तीन. तीन वजा झाले, पुढं तीन मिळवलेत. गेले. वर राहिला वर्ग, खाली तोच वर्ग. एक." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "अगदी रेषेवरच."

तीस वर्षांत बांधलेला बंगला भूकंपानं खचला असता तर त्यांनी सोसलं असतं. पण तो पाऊणकीनं खचावा?

"रविवारी काय करू?" ते म्हणाले.

रविवारी गिरगावात एका लहान सभागृहात माजी विद्यार्थी अप्पांची साठी साजरी करणार होते. महापालिकेच्या जलखात्यात इंजिनियर झालेला शामराव येऊन सांगून गेला होता की चांदीचं तबक केलंय, त्यावर वक्ररेषेचा आलेख कोरलाय आणि खाली ते वाक्य.

"सांगून टाका," राधाबाई म्हणाल्या.

"तीस वर्षं चुकीचं शिकवलं म्हणून?"

"एकतिसावं कशाला त्यात घालायचं?"

रविवारी सभागृह भरलं. सुमेधा वडिलांबरोबर तिसऱ्या रांगेत बसली होती. बाबुराव शेवटच्या रांगेत होते, कारण पेढे तिथून आत येणार होते. शामरावनं भाषण केलं, तबक पुढं केलं. अप्पांनी ते हातात घेतलं नाही.

"हे वाक्य खोटं आहे," ते म्हणाले. "वक्ररेषा ओलांडते. दूरवर जाऊन ती रेषेला बिलगत जाते एवढंच खरं. अलीकडे हवी तेव्हा ओलांडते. मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं शिकवलं. हे मला एका मुलीनं दाखवलं आणि मी तिला शून्य दिलं."

अप्पा थांबले. आता खुर्च्या सरकतील, कुणी उठून जाईल, निदान कुणी 'अरेरे' म्हणेल, अशी त्यांची तयारी होती. कुणीही काही केलं नाही. पहिल्या रांगेतली लतिका, जी आता कॉलेजात गणित शिकवायची, पदराशी चाळा करत होती.

"अप्पा, बसा ना जरा," शामराव म्हणाला. "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. ओलांडते ते."

"कधीपासून?"

"मला सदतीस सालापासून. कॉलेजात पहिल्याच टर्मला कळतं."

अप्पांनी सभागृहावर नजर फिरवली. माना खाली होत्या. गुरुवारचा धक्का आता त्यांना अगदी घरगुती वाटू लागला.

"मग युनिव्हर्सिटीच्या पेपरात काय लिहीत होता तुम्ही?"

"बरोबर असेल ते," शामराव चाचरत म्हणाला. "तुमच्या चाचणीत तुमचं, तिकडे तिकडचं. सगळेच."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

हे उत्तर लतिकेला द्यावं लागलं. "भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलं होतं, अप्पा. मी आता पहिल्या दिवशी मुलांना असंच एक उदाहरण घालते. तुमच्याकडून आलेली लगेच ओळखू येतात. मग त्यांना मी जवळ बसवते."

अप्पा खुर्चीत बसले. गणितापेक्षा हे समजायला कठीण होतं. तीस वर्षांचे पाचशे-सहाशे जण, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना जपलं होतं.

"अप्पा," शेवटच्या रांगेतून बाबुराव म्हणाले, "द्वैभाषिक राज्य मोडून मुंबई महाराष्ट्राला मिळणार, अशी बातमी आहे दिल्लीची. मुंबईचं ते तुमचं असिम्प्टोट..."

"वाचलंय, बाबुराव."

"नाही, नुसतं आठवण म्हणून."

अप्पांनी सुमेधाकडे पाहिलं. "पेपर आहे का?"

पेपर होता. तो ती बरोबर घेऊनच आली होती, आणि हाही एक धक्काच म्हणायला हवा. अप्पांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, शून्य खोडलं, शेजारी आकडा घातला आणि पेपर परत दिला.

"सर, नऊ?"

"अक्षांना नावं कुठायत?"

"तुम्ही म्हणाला होतात, लहान चुका मोजत नाही."

"चूक मोठी असली तर. आता ती राहिली नाही."

सुमेधा पेपरकडे बघत राहिली. तिच्या मागून सीताराम हळूच म्हणाले, "हे सगळ्यांना लागू हाय का, सर?"

"सगळ्यांना," अप्पा म्हणाले. या वेळी त्यात ऐट नव्हती.

मग त्यांनी तबक जवळ ओढलं, चष्मा वर करून कोरीवकाम नीट पाहिलं आणि लाल पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"शामराव," ते म्हणाले, "यावरसुद्धा अक्षांना नावं नाहीत."