टिनाखालची दुपार

कळमना बाजारामागच्या वस्तीत टिनाच्या घरांतला उकाडा कमी करायचा म्हणून तिघं एकत्र आली होती: डॉक्टर रोशनी, घरं बांधणारा पुष्कर आणि समाजशास्त्राची गोपिका. पुष्करने छपरांत झरोके पाडले होते. आधी घरातल्या बायकांना विचारू, असं गोपिका म्हणाली होती. पण उन्हाळा तोंडावर आलेला, आणि रोशनीनेही घाईच केली.

मे महिन्यातल्या त्या दुपारी रोशनी घराघरांत बसवलेल्या तापमापक यंत्रांचे आकडे मोबाइलवर पाहत होती. ऊन कललं तसा सगळीकडचा आकडा उतरत होता. एकट्या राहणाऱ्या कांताबाईंच्या खोलीचा मात्र चढतच चालला होता. यंत्र बिघडलं असेल, पुष्कर म्हणाला. रोशनीला ते पटेना. ती उठलीच, मागोमाग बाकीची दोघंही.

कांताबाईंच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं. आतून हूं की चूं नाही. पुष्कर शेजारच्या भिंतीवरून छपरावर चढला. तापल्या टिनाने त्याचे तळहात पोळले. झरोक्यात पोतं कोंबलेलं होतं. त्याने ते ओढून काढलं, आत डोकावला आणि वरूनच म्हणाला, "दार तोडा. लवकर."

कांताबाई मोरीजवळ पडल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. शेजारणीने पाण्याचा पेला पुढे केला, तो रोशनीने अडवला. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासात जायचं. तिने माठ त्यांच्या अंगावर रिकामा केला, ओली चादर टाकली. गोपिका सुपाने वारा घालू लागली. ऑटोतही ती थांबली नाही. दवाखाना येईपर्यंत रोशनीची बोटं नाडीवरून हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कांताबाईंनी तिला ओळखलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, झरोका काहून बुजवला?"

कांताबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "समोरच्या माडीवरून आतलं सारं दिसते, बाई. मोरी तिथंच हाय. मी आंघोळ कुठं करू?"

खाटेच्या पायथ्याशी उभ्या पुष्करने मान खाली घातली.

घरी आल्यावर कांताबाईंनी खाटेवरून बोट दाखवलं, तिथे त्याने आडव्या पट्ट्यांचा नवा झरोका बसवला. गोपिका समोरच्या माडीवरून स्वतः पाहून आली. काहीच दिसत नाही म्हणाली, तरी कांताबाईंनी तिला पुन्हा एकदा पाठवलं. मग तिघं शेजारच्या घरी गेली. या वेळी आधी गोपिका बोलली, "झरोका कुठं हवा, ते तुम्हीच सांगा."