कढई गेल्यानंतर

घरोघरचं लोखंड वितळवून पोलाद करायच्या सरकारी मोहिमेत आमची कढई भट्टीत वितळली, तरी तिची जागा रोज जेवणाच्या वेळी तापायची. झाकण लाकडाचं, म्हणून ते नेलं नव्हतं. मी ते सवयीने चुलीवर ठेवलं आणि ते हवेतच टेकून राहिलं. खाली कढईची कडा होती, दिसत नव्हती एवढंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

मला फार आनंद झाला. सासूबाईंचे पाय वाढू नयेत म्हणून जुन्या रीतीने लहानपणीच बांधलेले. घरी शिजवायला बंदी होती, गावाच्या सार्वजनिक भोजनालयापर्यंत त्यांना चालवत नव्हतं, आणि येईल त्यालाच वाटी, असा नियम होता. त्यांची नुसती हाडं उरली होती. आता मी रताळ्याचा पाला हवेत टाकायची, तो चुरचुरायचा आणि त्या खायच्या.

धूर बघून गटप्रमुख फान आला.

"घरात काय शिजतंय?"

"पाला."

"कशात? कढई तर वितळली."

"हो. तुम्हीच वितळवलीत."

त्याने चूल फोडली. कढई कमरेएवढ्या उंचीवर तशीच राहिली. मग मेल्याने खत म्हणून आमच्या मातीच्या भिंती शेतात टाकायला लावल्या. भिंती गेल्या, तसं छप्परही गेलं. उघड्यावर एका तिवईवर सासूबाई उरल्या, आणि आम्ही जेवतो हे अख्ख्या गावाला दिसू लागलं. बायकांनी घरी जाऊन आपापल्या चुली चाचपल्या. संध्याकाळी घरोघरी धूर निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फानने सगळ्यांना आमच्या जागेवर उभं केलं. तालुक्याहून तपासणी येणार होती.

"इथे काही नाही, असं मोठ्याने म्हण," तो मला म्हणाला. "नाहीतर म्हातारीला धरणाच्या कामावर पाठवतो."

धरणावर त्या दोन दिवसही टिकल्या नसत्या. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नाक मुरडलं.

"तुम्ही म्हणता ना, काही नाही?" मी म्हणाले. "मग ठेवा कढईच्या जागी हात."

बायका जवळ सरकल्या. मागे फिरायला फानला वाट उरली नाही.

त्याने बाही वर सारली.

"थांब रे जरा," सासूबाई म्हणाल्या. "अजून पुरती तापली नाही."

आणि त्या खाली वाकून, नसलेल्या चुलीत फुंकर घालू लागल्या.