तीनाचा तुटवडा

पाक दार्मोजो सरांनी इंडोनेशियातल्या योग्याकार्तात चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि उभ्या जन्मात एकाही विद्यार्थ्याला 'बरोबर' म्हटलं नाही. उत्तर कितीही नेटकं असो, त्यांचं आपलं 'पुन्हा तपास'. त्यांची विद्यार्थिनी वेनिंग आता स्वतः कॉलेजात शिकवत होती, तरी सरांनी एकदा आपल्याला मानावं, ही तिची आस काही सुटली नव्हती.

म्हणून सरांच्या निवृत्तीच्या जेवणाला तिने दारात उभा करायचा फुलांचा फलक पाठवला. बाकीच्यांच्या फलकांवर अभिनंदनाचा पाऊस, हिच्या फलकावर नुसता आकडा: ७३९३९१३३. मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कशानेही न भागणारी.

दुपारी ती अंगणात आली आणि फलकासमोर थबकली. शेवटच्या तीनाच्या जागी एक होता.

"मास पार्जो, हे काय करून ठेवलंत?"

"थर्मोकोलचे तीनच तीन उरले होते, म्बाक," फुलवाला शांतपणे म्हणाला. "चौथा कालच्या लग्नाला गेला. मोकळी जागा वाईट दिसते, म्हणून एक डकवला. एवढ्या लांब आकड्यात कोण बघतंय?"

बघणारा तिच्या पाठीमागेच उभा होता. सरांनी मान तिरकी करून अंकांची बेरीज केली.

"छत्तीस. म्हणजे तीनने भाग जातो. पुन्हा तपास, पोरी."

डीनसाहेबांसकट सगळे हसले. वेनिंगला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि तो एक उपटून खाली टाकला.

"आता घाला भाग, सर."

सरांनी तीन, सात, अकरा, तेरा करून पाहिलं. जमेना. तिने आणखी एक अंक उपटला, मग आणखी एक.

"अहो म्बाक, फलक भाड्याचा आहे!" पार्जो ओरडला.

तिचं लक्षच नव्हतं. ७३९३ उरले, मग ७३९, मग ७३. सर बोटांवर भागाकार करत पुटपुटत होते. शेवटी एकटा सात राहिला.

"उजवीकडून कितीही छाटा, उरतं ते मूळच."

"तुझा शोध?"

"नाही सर, आधीच ठाऊक असलेली संख्या आहे. पण अख्ख्या आकड्यापासून सातापर्यंत आठही मी तपासल्या. हाताने."

"मोठीलाच हजारावर भागाकार लागतात."

"पाच महिने गेले. दोनदा केले ना सगळे. सवय तुमचीच."

जेवणाची वेळ झाली, पिवळ्या भाताचा उंच डोंगर मध्ये आला. त्याचा शेंडा आपण ज्याला सगळ्यात मानतो त्याला द्यायचा असतो. डीनसाहेबांनी ताटली पुढे करूनच ठेवली होती.

सरांनी शेंडा कापला, त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि दोन्ही हातांनी तो वेनिंगच्या ताटलीत ठेवला. तिने तो आनंदाने उभ्याउभ्याच खाऊन टाकला.