केशरबाईचा काढा

देवमन तायडे एस.टी.त कंडक्टर होता तेव्हा त्याच्या आवाजाची अमरावती आगारात ख्याती होती. गाडी वलगावात असली तरी याची हाक चांदूर बाजारात ऐकू जाते, असं ड्रायव्हर लोक चेष्टेने म्हणायचे. रस्त्यावरच्या एकूण एक गावाचं नाव त्याने जन्मभर घसा ताणून घेतलं, पण बायकोचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. ती ‘ज्योत्स्नाची माय’. मुलगी होईपर्यंत तर नुसतं ‘अवं’ होतं. केशरबाईला त्याचं काही वाटत नसे. तिच्या ओळखीतल्या कुठल्याच नवऱ्याला हे धाडस झालेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तो आवाज अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातल्या बुद्धविहाराच्या कामी आला. संध्याकाळची वंदना देवमनच घेई. त्याने त्रिशरण सुरू केलं की पोरंसोरं चूप बसत आणि बाहेर चपला काढणारे घाईने आत येत. केशरबाई बायकांच्या ओळीत मागे बसायची आणि नवऱ्याचा आवाज लागला की उगाचच पदर सारखा करायची.

मग तो आवाज बसायला लागला. सकाळी उठलं की घसा घोगरा, काहीतरी अडकल्यासारखं, आणि दिवसभर खाकरणं. ताप नाही, खोकला नाही. छातीत जळजळ म्हणाल तर नावालाही नाही. केशरबाई म्हणाली, दवाखान्यात दाखवा. इथे मात्र या वाघाची शेळी झाली. त्याचा मोठा भाऊ डोमाजी घशाच्या कॅन्सरने गेला होता आणि त्याचीही सुरुवात अशीच घोगऱ्या आवाजाने झाली होती. घशात दुर्बीण घातली की कॅन्सरच निघतो, हे देवमनच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो बायकोवर खेकसला, की घरातलं काही औषध असेल तर दे, दवाखान्याचं नाव काढू नको. तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी कपाळाला हात लावला आणि खलबत्ता काढला.

सुंठ, काळे मिरे, लवंगा, दालचिनी. तिने सगळं कुटून स्टीलचा डबा भरला. कंडक्टरकीत लागलेली उशिरा जेवायची खोड देवमनला निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पोटात गेला की केशरबाई चमचाभर पूड उकळायची, वरून अर्धं लिंबू पिळायची आणि ग्लास त्याच्या हातात द्यायची. तो फुंकर मारत प्यायचा आणि तसाच आडवा व्हायचा. घसा शेकून निघाल्यासारखा वाटे. आवाज काही सुटेना, उलट आणखी खोल गेला. तेव्हा तिने मिरे वाढवले.

“डबा भरून ठेवला,” ती एका दुपारी म्हणाली. “खाडा नका करू. गळा मोकळा होईन तुमचा.”

त्याच आठवड्यात, ओट्याशी मेथी निवडता निवडता ती कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले.

स्मशानात सगळे हात जोडून देवमनकडे पाहत होते. दुसऱ्यांच्या किती मयतांना याच माणसाने त्रिशरण-पंचशील दिलं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला तर फाटकं काहीतरी निघालं. विहारातल्या दुसऱ्या एकाने पुढे होऊन वंदना पुरी केली. देवमन मान खाली घालून उभा राहिला. बायको गेल्याचं दुःख तर होतंच, पण तिला आपण शेवटचे चार शब्दही देऊ शकलो नाही, हे त्याच्या काळजात रुतून बसलं. वर्षाच्या पुण्यस्मरणाला वंदना आपणच घ्यायची, असं त्याने तिथेच ठरवलं.

आणि त्यासाठी हाताशी काय होतं? तो डबा. तो काढा नेमाने प्यायला लागला, तिच्यापेक्षा कडक करून. प्यायला बसला की ती शेजारी असल्यासारखं वाटायचं. घसा मात्र पार गेला.

ज्योत्स्ना अकोल्याला शिक्षिका होती. बाप सरळ दवाखान्यात येणार नाही हे ती ओळखून होती, म्हणून तिने मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त सांगून त्याला अकोल्याला बोलावलं आणि केकच्या आधी थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. दुर्बीण नाकातून आत गेली तेव्हा देवमनने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. डोळ्यांपुढे डोमाजी होता.

गाठबीठ काही नाही, डॉक्टर म्हणाले, हा पोटातल्या आम्लाचा त्रास आहे. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती सैल पडली की आम्ल वर चढतं, माणूस आडवा झाला की जास्तच. घशाची आतली त्वचा नाजूक, तिथे थोडंसं पोचलं तरी ती पोळते, सुजते, आणि आवाज बसतो. पुष्कळांना छातीत जळजळ होतच नाही, त्यामुळे पोटाकडे कोणाचं लक्षही जात नाही. देवमनला इतकं हलकं वाटलं की तो उत्साहाने आपल्या काढ्याचं वर्णन करू लागला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

“मिरे, लवंग, त्यात लिंबू, आणि वर लगेच झोपायचं? बाबा, भाजलेल्या जागेवर तुम्ही रोज चटका देत होता. कोणी सांगितलं तुम्हाला हे?”

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत राहिली.

काढा आधी बंद, तिखट आणि चहा कमी, जेवण दिवेलागणीला, जेवल्यावर तीन तास तरी आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. गोळी जेवणाआधी. खाकरायचं नाही, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा. आणि धीर धरायचा, घसा निवायला महिने लागतात.

अमरावतीला येऊन देवमनने सगळं केलं. विटा लावल्या, ठेचा सोडला, दिवस मावळताना जेवायला लागला. काढा मात्र सोडला नाही. डॉक्टरला काय कळतं केशरबाईचं, असं तो मनाशी म्हणे. साहजिकच आवाज होता तिथेच राहिला. ज्योत्स्नाला संशय आला. एका रविवारी ती न सांगता आली आणि ओट्यावर तो ग्लास तिला दिसला. ती रागावेल असं देवमनला वाटलं होतं. ती खाली बसली आणि रडली.

“आईनं हे कायच्यासाठी देल्लं, बाबा?” ती म्हणाली. “गळा मोकळा व्हावा म्हनून ना? मंग तो होऊ द्या.”

“तुह्या मायनं इख पाजलं म्हनू काय मी?” त्याचा आवाज कसाबसा फुटला. “तिनं तं दवाखाना म्हनलं होतं. मीच नाई गेलो. मीच काढा मांगतला.”

हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्याने काढा सोडला. डबा टाकला नाही, फळीवर ठेवून दिला. कधी झाकण उघडून वास घ्यायचा आणि लावून टाकायचा.

घसा निवत गेला. उन्हाळा संपता संपता एका सकाळी दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्याला त्याने हाक मारली आणि गल्लीच्या टोकाला पोचलेला तो माणूस मागे वळला. देवमन दारातच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. भाजीवाला घाबरला. आता त्याला काय सांगायचं? काढा सुटला म्हणून आवाज आला, म्हणजे डॉक्टर खरा ठरला होता, आणि ती बिचारी रोज पदराने ग्लास धरून, बोटं भाजून घेऊन, नवऱ्याच्या घशात आग ओतत होती. तिला ते कधी कळलं नाही, एवढंच बरं झालं.

पुण्यस्मरणाला विहार भरला होता. केशरबाईच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या आणि देवमनने वंदना सुरू केली. आवाज जुनाच, स्वच्छ. बाहेरचे घाईने आत आले. त्याने पंचशील दिलं, त्यात खोटं न बोलण्याचं चौथं शीलही दिलं, आणि साऱ्या विहाराने ते त्याच्यामागून म्हटलं.

खिरीच्या वाट्या फिरत होत्या तेव्हा केशरबाईची जिवाभावाची मैत्रीण माणिकबाई डोळे पुसत जवळ आली.

“केशरचा काढा लागू पडला म्हना, भाऊ. लय जीव लावून करे ते.”

आजूबाजूचे लोक थांबले. ज्योत्स्ना वाटी हातात धरून बापाकडे बघत राहिली.

“हो, बाई,” देवमन म्हणाला. “तिचाच काढा.”

“मंग मलेही सांगा ना कसा कराचा. माहाही गळा धरून राहिला दिवाळीपासून.”

देवमन गडबडला. मग म्हणाला, “तो तिच्याच हातचा लागू पडे, माणिकबाई. तुमी दवाखान्यात दाखवा. ज्योत्स्ना नेते तुमाले अकोल्याले. माह्यासारखा उशीर नका करू.”

ज्योत्स्नाने लगेच मान हलवली आणि माणिकबाईचा हात धरून तिला बाजूला नेलं.

घरी परतल्यावर त्याने दिवेलागणीलाच वरणभात खाल्ला. मग फळीवरचा डबा काढला, फोटोपुढे ठेवला आणि समोर बसला.

“केशर,” तो म्हणाला. “मी आज विहारात खोटं बोललो.”

नाव नीट उमटलं, कुठेही न अडखळता. त्याने ते पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने, गावांची नावं घ्यायचा तसं. घरात ऐकायला कोणी नव्हतं.